तिसऱ्या कार्डावरची चार मिनिटं

३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

नमस्कार. दोन वर्षांनी एकदम माझं पत्र, तेही कागदावरचं, बघून चक्रावली असशील. गेल्या आठवड्यात तुझ्या घरच्या फोनवर अकरा वेळा घंटी वाजवली. मोबाईल तू ठेवत नाहीस, कॉम्प्युटरला इंटरनेट जोडून घेत नाहीस. मग पोस्टाशिवाय उरलं काय?

वाईट बातमी आधी सांगते. बाबांच्या घशातल्या गाठीची तपासणी झाली. कॅन्सर आहे. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागणार. ऑपरेशन १४ मार्चला आहे. जिवाला धोका नाही असं डॉक्टर म्हणतात आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं आहे. पण त्यानंतर बाबा गळ्याला पाडलेल्या छिद्रातून श्वास घेतील आणि बोलू शकणार नाहीत. पुढेमागे एखादं उपकरण लावून थोडंफार बोलता येतं म्हणे, पण तो आवाज त्यांचा नसेल.

हे सगळं ऐकून घेतल्यावर बाबांनी डॉक्टरांना काय विचारावं? तुमच्या केबिनच्या दाराची कडी नीट बसत नाही, सरळ करून देऊ का? आणि दुपारी किल्ल्यांच्या दुकानात जाऊन बसले.

मला त्यांचा आवाज ठेवायचा आहे, आत्या. नुसता जपून नाही, लोकांना ऐकवायचा आहे. पॉडकास्ट म्हणजे इंटरनेटवरचा रेडिओच समज, फक्त ज्याला हवं तेव्हा लावता येतो. चाळीस वर्षं बाबांनी लोकांची अडकलेली दारं उघडली, त्या दारांच्या गोष्टी त्यांच्याच तोंडून. एक छोटं रेकॉर्डर घेतलं आहे. बोलणं त्यातल्या कार्डावर साठतं. पुढे ते कापायचं, जोडायचं कशात, इथे माझं घोडं अडलं आहे. मी रक्त तपासणाऱ्या लॅबमधली बाई, मला यातलं ओ की ठो कळत नाही.

तीन सॉफ्टवेअर निवडून ठेवली आहेत. एक फुकट मिळतं, दिसायला जुनाट. दुसऱ्याला दरमहा भाडं, पण मोठे स्टुडिओ तेच वापरतात. तिसरं सगळं आपोआप करतं. खोकला, श्वास, मधली शांतता, मागचा खडखडाट स्वतःच ओळखून काढून टाकतं. तिन्हींच्या पडद्यांचे फोटो छापून सोबत जोडले आहेत. तू एकतीस वर्षं रेडिओत आवाज कापलेस. तूच सांग कुठलं घेऊ.

आपल्यात जे काही असेल ते असो. हे बाबांसाठी आहे.

तुझी भाची


८ फेब्रुवारी

चि. बटणबाई,

अनेक आशीर्वाद. हे नाव आठवतं ना? पाच वर्षांची असताना माझ्या स्टुडिओत येऊन तू दिसेल ते बटण दाबलं होतंस आणि बाजारभाव सांगणारा निवेदक अर्ध्या वाक्यात गप्प झाला होता. तीच तू आता सॉफ्टवेअर विचारतेस.

पत्र दोनदा वाचलं. बातमीबद्दल मला आत्ता काही लिहिता येत नाही. ज्याबद्दल येतं त्याबद्दल लिहिते.

फुकटचं घे. जुनाट दिसतं म्हणून नाक मुरडू नकोस. त्यात आवाजाचं चित्र पडदाभर मोठं होतं, अर्धा सेकंद हातभर लांब करून बघता येतो. शिकणाऱ्याला तेच हवं. भाड्याचं चांगलंच असणार, पण त्याच्या एका पडद्यावर मी बावीस खिडक्या मोजल्या. तुझ्याकडे पाच आठवडे आहेत. तू त्या खिडक्या उघडत बसशील आणि तोवर खुळखुळ्या गप्प होईल.

आणि ते तिसरं, स्वतःच सगळं ओळखणारं. ते मुळीच नको. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. माणूस थांबला की ती शांतता, हे त्याला कुणी शिकवलं? आम्ही टेप ब्लेडने कापायचो. कापलेला प्रत्येक तुकडा गळ्यात अडकवून ठेवायचा, कार्यक्रम हवेत जाईपर्यंत फेकायचा नाही, अशी माझी शिस्त होती. पोरं हसायची, बाईंनी हार घातलाय म्हणायची. त्या हारातून कितीदा तरी मंत्र्यांचे शब्द परत काढून चिकटवले आहेत.

तेव्हा एकच नियम. कच्च्या मालाला हात लावायचा नाही. कापाकापी नकलेवर. लॅबमध्ये सगळं रक्त एकदम यंत्रात ओततेस का? थोडं मागे ठेवतेस ना? तसंच. रेकॉर्डिंग झालं की कॉम्प्युटरवर नक्कल घे आणि मूळ कार्ड न पुसता पाकिटात घालून मला पाठव. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर मी ते तपासून कळवीन.

त्याला कपड्यांच्या उघड्या कपाटासमोर बसव, कपडे खोलीचा घुमारा पितात. फोन करू नकोस. फोनवर मला सुचत नाही. लिहीत जा.

आत्या


१५ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

पहिलं रेकॉर्डिंग झालं. सोबत कार्ड आहे, बोटाच्या नखाएवढं, हरवू नकोस.

कपाटाची दारं उघडी टाकून बाबांना समोर बसवलं. म्हणाले, जन्मभर लोकांची कपाटं उघडली, आता स्वतःच्याच कपाटापुढे जबानी द्यायची वेळ आली. सुरुवातीला फार अवघडले. सरकारी कचेरीत बोलतात तसं बोलत होते, 'सदर कुलूप' वगैरे. मग मी त्यांच्या हातात दुकानातला एक बिघडलेला कुलपाचा गाभा दिला. हात कामाला लागले आणि जीभ सुटली. चाळीस मिनिटं बोलले. शेवटी आवाज फार बसला. तुझ्याबद्दलही बोलले आहेत. ते इथे लिहीत नाही, ऐकशीलच.

तुझं पत्र मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. खुळखुळ्या म्हणजे कोण विचारलं तर हसले आणि खोकत सुटले. मग सांगितलं की लहानपणी त्यांच्याकडे भंगारात सापडलेल्या किल्ल्यांचा जुडगा होता, कुठल्याच कुलपाला न लागणारा. शाळेतून आले की दाराबाहेर तो तीनदा वाजवायचे, मग तू आतून कडी काढायचीस. मला हे माहीतच नव्हतं.

फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं. कापायला शिकतेय. 'आणि' कापायला जाते आणि पुढच्या शब्दाचं मुंडकं उडतं.

आवाज कसा वाटला ते लिही. बाबा रोज विचारतात, ताईचं काही आलं का.

तुझी भाची


२० फेब्रुवारी

चि. बटणबाईस आशीर्वाद.

कार्ड पोचलं. तपासलं.

एक, चित्राच्या तळाशी सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाड रेघ दिसते. शेजारच्या खोलीत फ्रिज चालू होता. रेकॉर्डिंगपुरता बंद करत जा, आणि नंतर सुरू करायला विसरू नकोस. दोन, त्याची वाक्यं सुरुवातीला जाड आणि शेवटी सुईसारखी बारीक दिसतात. दम पुरत नाही. पाठीला उशी देऊन ताठ बसव, सलग वीस मिनिटांवर बोलू देऊ नकोस. तीन, तू मध्ये फार हसतेस. तुझं हसणं त्याच्या बोलण्यावर चढलेलं दिसतं. गालातल्या गालात हस.

शब्दाचं मुंडकं उडतं कारण तू शब्द संपला तिथे कापतेस. दोन शब्दांमधल्या श्वासात काप. चित्रात तो बारीक केसाळ सुरवंट दिसेल, त्याच्या आधी.

त्याला कोमट पाणी दे.

आत्या


२६ फेब्रुवारी

आत्या,

दुसरं आणि तिसरं कार्ड सोबत आहे. हे पत्र बाबांना वाचून दाखवणार नाही.

पहिल्या कार्डावर बाबांनी कुणाची गोष्ट सांगितली होती? तुझी. तू अकरा वर्षांची असताना माळ्याखालच्या अडगळीच्या खोलीत कोंडली गेलीस, घरात मोठं कुणी नव्हतं, आणि आठ वर्षांच्या त्यांनी केसातल्या आकड्याने ते कुलूप उघडलं. तासभर लागला. तासभर तू आतून पाढे म्हणत होतीस, कारण तू गप्प झालीस की त्यांना रडू यायचं. बाबा म्हणाले, ताईच्या आवाजाच्या आधाराने मी पहिलं कुलूप उघडलं. हे सांगताना त्यांचा गळा भरून आला. आणि तुझं उत्तर काय? फ्रिज बंद कर.

दोन पत्रांत त्यांच्या आवाजाबद्दल एक शब्द नाही. दुखतंय का म्हणून विचारपूस नाही. रेघ जाड दिसते, सुरवंट दिसतो. तू दगडाची आहेस का?

आता निघालंच आहे तर बोलते. आई गेली त्या दिवशी तू आलीस, कोपऱ्यात बसलीस, कुणाशी धड बोलली नाहीस आणि तासाभरात उठलीस. मी जिन्यातून तुझ्यामागे धावत आले. आत्या, आज जाऊ नकोस, असं दोनदा ओरडले. तू वळलीसुद्धा नाहीस. टॅक्सीत बसलीस आणि गेलीस. मी ते विसरलेले नाही.

आणि हो, तुझा नियम मी मोडला. तिसरं रेकॉर्डिंग त्या शहाण्या सॉफ्टवेअरमध्ये घातलं. बाबा आता दर वाक्याला खोकतात, घरघर लागते. ते कापत बसायला मला वेळ नाही आणि, खरं सांगू, ऐकवत नाही. त्याने सगळं काढलं. खोकला नाही, धाप नाही. बाबा दहा वर्षांपूर्वीसारखे वाटतात.

त्यात संगीत शिकवणाऱ्या बाईंची गोष्ट आहे. त्या दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी किल्ली हरवायच्या आणि बाबांना बोलवायच्या. किल्ली त्यांच्या पर्समध्येच असते हे बाबांना दुसऱ्याच वेळी कळलं होतं. तरी नऊ वर्षं जात राहिले. एका मिनिटाच्या कुलपाला पंधरा मिनिटं लावायचे, कारण बाईंना तेवढा वेळ कुणाशी तरी बोलायचं असायचं. गोष्टीच्या मध्येच औषधवाला आला म्हणून मी उठून दाराशी गेले, रेकॉर्डर चालूच राहिलं. परत आले तर बाबा हातात जुडगा घेऊन शांत बसले होते. मग पुढचं सांगितलं.

जे परक्या बाईसाठी इतकं करतात, त्यांची सख्खी बहीण अशी कशी?

भाची


२ मार्च

चि. बटणबाई,

रागावलीस ते बरोबर आहे. त्यावर लिहीन, पण आज नाही.

एक काम तातडीने कर. तिसऱ्या कार्डावर सतराव्या मिनिटाला तुझा आवाज संपतो. तू दाराशी गेलीस ती हीच वेळ. त्यानंतर तीन उंच, बारीक उभ्या रेघा आहेत, सारख्या अंतराने. मग जवळजवळ चार मिनिटं अगदी बुटकी लाट, थांबत थांबत जाणारी. मग परत तशाच तीन रेघा. ती लाट पंख्याची नाही. पंखा असा थांबत नाही. ते बोलणं आहे.

तुझ्याकडच्या नकलेत तेवढा भाग मोठा आवाज करून ऐक आणि त्यात काय आहे ते शब्दन् शब्द मला लिहून पाठव. माझ्या कॉम्प्युटरचा स्पीकर बिघडला आहे.

आत्या


४ मार्च

आत्या,

माझ्याकडे तसं काही नाही. शहाण्याने साफ केल्यावर मी त्याच नावाने फाइल साठवली, नक्कल तेवढी एकच होती. चाळीस मिनिटांची अठ्ठावीस झाली. बाई पर्समधून किल्ली काढतात आणि लगेच पुढचं वाक्य येतं. मध्ये काहीच नाही. मी खोलीत नव्हते, म्हणजे तिथे काही नसणारच, असं धरून चालले.

मूळ कार्ड तुझ्याचपाशी आहे. स्पीकर दुरुस्त करून घे, नाहीतर शेजाऱ्यांचा मागून आण. एकतीस वर्षं कानांवर जगलीस, चार मिनिटं ऐकायला इतके आढेवेढे?

बाबा आता फार कमी बोलतात. काल दिवसभरात नऊ वाक्यं. मी मोजली. उरलेली कार्डं कोरीच राहणार असं दिसतं.

भाची


६ मार्च

पोरी,

मला ऐकू येत नाही.

स्पीकर ठणठणीत आहे. कान गेले. डावा आठ वर्षांपूर्वी, उजवा त्यानंतर हळूहळू. कानात घालायचं यंत्र आणलं, त्यातून भांड्यांचा खणखणाट पोचतो, माणूस पोचत नाही. नोकरीचं शेवटचं वर्ष मी डोळ्यांनी काम केलं. चित्र बघायचं आणि कापायचं. कुणाला कळलं नाही. मग एकदा एका बाईंच्या मुलाखतीत मागे लहान मूल रडत होतं, ते मी तसंच जाऊ दिलं, कारण चित्रात मला ते बाईंच्या बोलण्याचाच भाग वाटलं. साहेबांनी मला बोलावून विचारलं, बाई, हे तुमच्या कानांतून कसं सुटलं? दुसऱ्या दिवशी गुडघ्यांचं कारण देऊन मी राजीनामा दिला. कानांवर पोट भरलेली बाई बहिरी झाली, हे जगाला सांगायची मला लाज वाटली. मग फोन बंद, येणंजाणं बंद. चारचौघांत बसलं की लोक बोलतात आणि मी चेहरे बघत, अंदाजाने मान हलवत बसते. तुझ्या आईच्या वेळीही तेच केलं. चुकीच्या जागी मान हलेल म्हणून तासाभरात उठले.

तू जिन्यातून हाक मारलीस हे मला तुझ्या पत्रातून कळलं. दोनदा मारलीस, हेही.

अडगळीच्या खोलीची गोष्ट त्याने सांगितली, तीही मला तुझ्याच पत्रातून कळली. कार्डावर ती माझ्यासमोर अकरा मिनिटं पसरलेली होती. मी तिच्यात फ्रिज शोधत बसले. तुझं पत्र आल्यावर तो भाग पुन्हा उघडला. बावीस मिनिटं चाळीस सेकंदांपाशी लाट थरथरते. तिथे त्याचा गळा भरून आला असणार. मी पडद्यावर हात ठेवून बसले होते.

आवाज कसा वाटला, असं तू विचारलं होतंस. मला आठवतो तो त्याचा सहा वर्षांपूर्वीचा आवाज, जरा नाकातला, वाक्याच्या शेवटी वर जाणारा. आता कसा आहे ते मला कधीच कळणार नाही. तो जाणार म्हणून तुला रडू येतं. माझ्यापुरता तो आधीच गेला आहे आणि हे सांगायला मला जागा नव्हती.

त्या तीन रेघा किल्ल्यांच्या आहेत. त्याने मलाच बोलावलं आहे. तिसरं कार्ड कुरियरने परत पाठवते आहे. काय म्हणतो ते मला सांग. बरंवाईट जे असेल ते, काही गाळू नकोस.

आत्या


९ मार्च

प्रिय आत्या,

कार्ड आज सकाळी मिळालं. लॅबमध्ये रजा टाकली, कपाटाची दारं उघडून आत तोंड घालून बसले, हेडफोन लावला. तुझं पत्र त्याआधी चार वेळा वाचलं होतं. मी तुला दगडाची म्हटलं. ते शब्द मला परत घेता येत नाहीत, पण मी माफी मागते.

तुझं बरोबर होतं. शहाण्याला किल्ल्या खडखडाट वाटल्या आणि बाबांचं कुजबुजणं शांतता वाटली. त्याने दोन्ही काढून टाकलं. फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज वाढवत नेला तेव्हा शब्द लागले. खाली तसेच उतरवते आहे.

किल्ल्या तीनदा वाजतात.

"ताई. ही दाराशी औषधवाल्याशी बोलतीये, तेवढ्यात सांगतो. तुला ऐकू येत नाही, मला ठाऊक आहे. दोन वर्षं झाली. त्या दिवशी तू जिना उतरत होतीस. पोरीने हाक मारली, तू वळली नाहीस, तेव्हा मला शंका आली. म्हणून तुझ्या मागे मुद्दाम जुडगा टाकला फरशीवर. खालच्या मजल्यावरची माणसं दार उघडून बघायला लागली. तू चालतच राहिलीस."

खोकतात. बराच वेळ.

"बोललो नाही. तू आतून कडी लावून बसलेली. मी कुलपं उघडतो, कडी आतल्या माणसानेच काढायची असते. म्हटलं थांबू. पण आता थांबायला माझ्याकडे दिवस नाहीत. तुझी पत्रं ही वाचून दाखवते. रेघ दिसते, आवाज बारीक दिसतो. ऐकू आलं असं कुठेच नाही. म्हणून किल्ल्या वाजवल्या. त्या तरी दिसतील तुला."

इथे काहीच नाही. फक्त श्वास. लांबून माझं औषधवाल्याशी बोलणं येतं. मी कशाला तरी हसते आहे.

"घराचं कुलूप मी बदललं नाही. सगळ्या गल्लीची बदलली, आपलं नाही. दोनदा गाभा झिजला, दोनदा तसाच घडवून बसवला. तुझ्याकडे जुनी किल्ली आहे म्हणून. घंटी वाजवायची, आतून कोण काय म्हणतंय ते ऐकायचं, ही भानगड नको तुला. किल्ली लाव आणि आत ये. बोलावंच लागतं असं नाही."

किल्ल्या तीनदा वाजतात. मग माझी पावलं.

एवढंच आहे. बाबांना विचारलं, मला का नाही सांगितलंत? म्हणाले, तिचं गुपित होतं, माझं नव्हतं.

पहिला भाग मी पुन्हा जोडायला घेतला आहे, फुकटच्यात, खोकल्यासकट. मधल्या धापा ठेवल्या आहेत. बाबा तेरा तारखेला सकाळी दवाखान्यात दाखल होतील. ऑपरेशन चौदाला दुपारी.

तुझी बटणबाई


१३ मार्च, दुपार

चि. बटणबाई,

हे पत्र तुमच्या जेवणाच्या टेबलावरून लिहिते आहे. घरी येशील तेव्हा वाचशील. मी पोचले तोवर तुम्ही दोघं दवाखान्याकडे निघून गेला होतात.

किल्ली लागली. अर्ध्यावर जराशी अडली. मग दार स्वतःकडे ओढून फिरवली, तशी आम्ही लहानपणी फिरवायचो, आणि ती फिरली. गाभा नवा करताना त्या गड्याने हा अडखळासुद्धा जसाच्या तसा घडवला आहे. मी उंबऱ्यात उभी राहून रडले. मोठ्याने रडले असेन, कारण शेजारच्या बाई बाहेर आल्या आणि काहीतरी विचारू लागल्या. मी त्यांना सांगितलं की मला ऐकू येत नाही, लिहून विचारा. हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा परक्या माणसाशी बोलले. त्यांनी वीजबिलाच्या पाठीवर लिहिलं, 'आपण कोण?' मी म्हटलं, या घरातली.

कपाट अजून उघडंच आहे, समोर उशी लावलेली खुर्ची. फ्रिजला हात लावून बघितला. बंद होता, सुरू केला. दूध नासलं होतं, ते टाकलं.

ती चार मिनिटं पॉडकास्टात घालू नकोस. बाकी सगळं घाल. ते कार्ड माझ्याकडे राहील.

आता तोंड धुऊन दवाखान्यात येते आहे. त्याचा आवाज उद्या दुपारपर्यंत आहे. आज तो जे काही बोलेल ते बोलताना मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसणार आहे. स्टुडिओत स्पीकरला हात लावून मी वर्षभर तसंच ऐकलं, आवाज तळहाताला कळतो. शब्द नाही कळले तरी चालतील. त्याला पाढे म्हणायला सांगीन, ते मला येतात.

येताना तुला पाटी घ्यावीशी वाटेल, परवापासून लागणारच. दोन घेऊ नकोस, एकच आण. तो लिहील आणि मी बोलेन. मला तोंड आहे, त्याला कान आहेत. दोघांत मिळून एका माणसाचं भागेल.

आत्या